गळ्यावरचा हात

परवा नवा टॉवेल उघडला आणि खळीचा वास आला. आमच्या सोलापुरात हा वास कुठंही येतो, पण मला मात्र त्यातून सुमनबाईच आठवतात.

कर्णबधिर मुलांना बोलायला कसं शिकवावं, यावर मी तेव्हा संशोधन करत होते. सुमनबाई टॉवेलच्या कारखान्यातनं थेट शाळेत यायच्या, केसांत सुताचे तंतू तसेच. लेकीच्या, लहानग्या रेणूच्या हाताचा तळवा त्या आपल्या गळ्यावर ठेवायच्या. आवाजाची थरथर हाताला कळली, की मूल तसाच आवाज काढू बघतं. "आई म्हण की गं. लई न्हाय, एकदाच." मग आम्ही दोघी रेणूच्या ओठांकडे बघत थांबायचो. वर्ष सरलं, शब्द काही फुटला नाही.

तापाचं निमित्त झालं आणि सुमनबाई गेल्या. मी पोचले तेव्हा त्यांना दारात निजवलं होतं. भोवती बायका रडत होत्या. रेणूनं आईच्या गळ्यावर तळवा ठेवला, जरा दाबला, पुन्हा ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग आईचा गार हात उचलून तिनं स्वतःच्या गळ्यावर धरला आणि म्हणाली, "आ...ई."

"बाई, पोरगी बोलली की हो!" तिच्या मावशीनं माझा दंड घट्ट धरला.

तेव्हा मलाही तेवढा शब्दच ऐकू आला. आता त्यानंतरचं आठवतं. आईचा हात तसाच गळ्यावर धरून, आम्ही थांबायचो तशी, रेणू आईच्या ओठांकडे बघत थांबली होती.