काकींनी देवीला विचारलं

ऐंशीच्या दशकात आम्ही पुण्यातल्या काही जणी दर शनिवारी सभा घ्यायचो आणि "आम्हाला देवी नको, माणूस म्हणा" असं ठणकावून सांगायचो. त्यामुळे मैत्रीण नलू जेव्हा म्हणाली, "शिमग्याला माझ्या काकींच्या गावी चल, देवीला कौल लावायचाय," तेव्हा मला हसूच आलं. मी शाळेत विज्ञान शिकवणारी! "काकींना सोबत हवीय, तुझी मतं नकोत," नलूने बजावलं. गेले.

सकाळी स्वारगेटहून एसटी. आंबा घाट उतरेपर्यंत हाडं खिळखिळी झाली. जाणार असाल तर मागची सीट घेऊ नका. मुक्काम रत्नागिरीत केला. दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्याला मासळीचा लिलाव पाहिला. तिथे बायकांचा आवाज असा चढा, की आमच्या सभेने शिकवणी लावावी. मग भाट्याची खाडी ओलांडून पावसची गाडी, आणि पुढे तासभर कातळावरून पायी. पाणी बरोबर ठेवा, सावली शोधू नका, नाहीच आहे.

काकींनी ओल्या काजूगरांची उसळ आणि तांदळाची भाकरी वाढली. त्या उसळीसाठी मी पुन्हा तो घाट उतरेन. जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. काका जाऊन नऊ वर्षं झाली. शिमग्यात देवीची पालखी घरोघरी येते, तशी यांच्याही अंगणात येते. पण विधवेने ओटी भरायची नाही.

"तांदूल माजं, नारल माज्या माडाचा, नि ओटी भरनार शेजारीन," काकी म्हणाल्या. "मी आपली खांबामागं. देवी बाईच ना गो? तिला काय वाटत असंल?"

मी लगेच भाषणाला तोंड उघडलं. नलूने पायावर पाय दिला.

सकाळी देवळात गावचे मानकरी जमले होते. "वयनी, ह्यो रिवाज न्हाय," त्यातले सगळ्यात म्हातारे मानकरी म्हणाले.

"रिवाज तुमी नका सांगू," काकी शांतपणे म्हणाल्या. "तिला इचारा."

आता देवीला विचारू नका असं कोण म्हणणार? गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याने काकींच्या ओटीचं गाऱ्हाणं घातलं. "व्हय म्हाराजा!" पुरुष म्हणाले. मागच्या ओळीतून बायकाही म्हणाल्या, आणि पुरुषांनी वळून पाहिलं.

पाकळ्या हलेनात. एक तास, दोन तास. "जेवून येतांव," म्हणत पुरुष पांगले. बायका बसून राहिल्या. कोणी घोषणा दिल्या नाहीत, कोणी चुळबूळही केली नाही. मी कित्येक धरणी धरली होती, पण असं बसणं पहिल्यांदाच पाहिलं. पाणी सुकलं की पाकळी पडणार, इतकं साधं गणित मला येत होतं. तरी मनात "उजवी, उजवी" चालूच होतं. लाज वाटली, पण थांबवता येईना.

उजवी पडली.

काकींनी पदर तोंडाला लावला. ते म्हातारे मानकरी परत आले, गुरवाकडे पाहून "उजवी?" एवढंच विचारलं, आणि टोपी नीट करत म्हणाले, "तिनं सांगितलान. मंग सपला इषय."

दुसऱ्या दिवशी ढोल वाजवत पालखी अंगणात आली. ओटी भरताना काकींच्या हातून निम्मे तांदूळ सांडले. "सांडंदे," म्हणत त्या हसत होत्या. शेजारीण खाली बसून ते वेचू लागली. मला फार, फार बरं वाटलं.

निघताना काकींनी मला एक नारळ दिला. पुण्यापर्यंत तो मांडीवर घेऊन आले, आणि वाटेत एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. बाबा गेल्यापासून आई आमच्या घरच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला स्वयंपाकघरात बसते. डाळ ती वाटते, पन्हं ती करते, बायकांना कुंकू मी लावते. इतक्या सभा घेतल्या, पण तिला मी कधी काही विचारलंच नव्हतं.

घरी पोचल्यावर नारळ तिच्यापुढे ठेवला, काकींची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "आई, तुला काय वाटतं?"

तिने नारळाची शेंडी नीट केली. मग म्हणाली, "यंदा पन्हं तू कर."