कोपऱ्यातला सायकलवाला

भाऊसाहेबांनी काळ्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे माझ्या फोटोवर ठेवले आणि माझे वडील झाकले गेले.

तुकडे काटकोनात कापलेले होते. आमच्या फोटो क्लबात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते कपाटातून निघायचे. फोटो टेबलावर ठेवायचा, तुकडे सरकवत न्यायचे, आणि काय ठेवायचं, काय कापायचं ते सगळ्यांना दाखवायचं. भाऊसाहेब क्लबचे अध्यक्ष, आमच्या हिंदी मुलखातल्या सगळ्या मराठी माणसांसारखे मधूनच हिंदीत जाणारे. त्यांचा हात सराईत होता. डावीकडचा तुकडा त्यांनी दोन बोटं आत घेतला. बाबा गेले. त्यांची सायकल गेली. हँडलला अडकवलेली माझ्या डब्याची पिशवी गेली.

"आता बघा," ते म्हणाले. "कसा मोकळा झाला फोटो."

मग तुकडा उचलला. बाबा परत आले.

"और अब देखो. ये आदमी आ गया. सगळा मूडच गेला. चांगल्या शर्टावर पानाची पिंक पडावी ना, तसा उभा आहे हा."

बारा-पंधरा माणसं हसली. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं ऐकून तुम्हाला माझी दया येईल.

मी तेव्हा एका स्टुडिओत रिटचिंगचं काम करायची. निगेटिव्हवर पेन्सिल आणि बारीक ब्रश चालवून नवरीच्या गालावरचे व्रण घालवायचे, डोळ्यांखालचं काळं उजळ करायचं, वरातीत मध्येच आलेला परका माणूस नाहीसा करायचा. स्टुडिओचे मालक, सेठजी, मनाने मोकळे होते. त्यांचा जुना दोन भिंगांचा कॅमेरा पडून होता, तो त्यांनी मला वापरायला दिला. क्लबातही तेच घेऊन गेले. "लड़की का हाथ अच्छा है," एवढीच माझी ओळख त्यांनी करून दिली. भाऊसाहेबांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छाऽ," ते म्हणाले. एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, राहतेस कुठे? आम्ही परदेशीपुऱ्यात राहायचो, मिलवाल्यांच्या चाळीत. मी म्हटलं, "स्नेहलतागंजकडे." ती शिकल्यासवरल्या लोकांची वस्ती. म्हणजे खोटं बोलायला मी त्या हॉलची पायरी चढल्या चढल्याच सुरुवात केली होती.

हॉल एका वाचनालयाच्या वर होता. समोरच्या भिंतीवर भाऊसाहेबांच्या पणजोबांची मोठी तसबीर. दरबारी पोशाख, कमरेला तलवार, डोक्यावर छत्री. छत्री धरणारा माणूस तसबिरीत नव्हता. चौकटीच्या कडेशी फक्त त्याचा हात दिसायचा, मनगटापर्यंत. मी कितीतरी रविवार त्या हातासमोर बसून चहा प्यायले आणि एकदाही तो मला दिसला नाही.

बाबा मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. तयार कापड त्यांच्या टेबलावरून सरकत जायचं आणि ते त्यातले दोष पकडायचे. तुटलेला धागा, दुहेरी गेलेला आडवा धागा, तेलाचा थेंब. दिसला दोष की लाल पेन्सिलीची खूण. तीस वर्षं. घरातही त्यांची नजर तशीच चालायची. नवी साडी आणली की आई आधी त्यांच्यापुढे टाकायची.

मग मिल बंद पडली. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणत लोक गेटवर बसले, मग एकेक करून उठले. शहरात एकीकडे तासाभरात रंगीत फोटो देणारी मशिनं येत होती, जपानी कॅमेरे येत होते, गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या. आणि आमच्या चाळीत धडधाकट माणसं सकाळी दहा वाजता ओट्यावर बसलेली असायची. भोंगा बंद झाला तरी बाबा पहिल्या पाळीच्या वेळेलाच उठत. उठून करायचं काय, हा प्रश्न. मी बाहेरचे फोटो काढायला लागले तेव्हा तेच म्हणाले, "बेटा, उजेड फुटायच्या आधी पोचायचं ना तुला? मी सोडतो. नाही तरी मी खालीच आहे, रिकामा."

तसे आम्ही सिरपूरच्या तळ्यावर जायचो. कॅरियरवर मी, मांडीवर कॅमेरा. पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. चढ आला की बाबा उतरून सायकल ढकलायचे, पण मला उतरू द्यायचे नाहीत. "कॅमेऱ्याला धक्का लागेल," म्हणायचे.

तो फोटो थंडीतला. तळ्यावर धुकं, एक वाकलेलं बाभळीचं झाड, पाणी अगदी स्थिर. बाबा डावीकडे काठावर सायकल धरून उभे, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. त्यांना वाटलं, आपण फोटोच्या बाहेर आहोत. मला माहीत होतं, ते आत आहेत. मी मुद्दाम घेतले होते. घरी येऊन सांगितलं, "बाबा, तुम्ही आलात फोटोत." ते लाजले. "अरे, केस तरी विंचरले असते," म्हणाले.

आणि आता त्या फोटोभोवती क्लब उभा होता.

क्लबाचा एक नियम होता. ज्याचा फोटो, त्याने तोंड उघडायचं नाही. नाव फोटोच्या मागे लिहायचं, आणि सगळ्यांचं बोलून झालं की मगच फोटो उलटा करून वाचायचं. म्हणजे टीका निःपक्षपाती होते. रचनात्मक टीका, असा भाऊसाहेबांचा लाडका शब्द होता. कोणाला दुखवायचं नाही, फोटो सुधारायचा.

"पण कापला तर झाडही जातं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खरंच होतं ते. बाबा आणि झाड एकमेकांना लागून होते.

भाऊसाहेबांनी लाल पेन्सिल घेतली. काचेवर लिहायची, मेणाची. बाबांच्या अंगावर त्यांनी फुली मारली. डोक्यापासून सायकलच्या चाकापर्यंत एक रेघ, मग दुसरी. "एवढा निघाला की फोटो प्रदर्शनात लावण्यासारखा आहे. फर्स्ट क्लास आहे." मग फोटो उलटा केला, नाव वाचलं, आणि माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा! मग तर सोपंच आहे. तुझं कामच ते. काढून टाक ब्रशने. कोण होता गं तो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. प्रेमाने बघत होते, हे विशेष.

मी म्हटलं, "होता कोणी तरी, सर. सायकलवाला."

कोणी माझा गळा धरला नव्हता. मला कोणी धमकी दिली नव्हती. मला फक्त तो फोटो त्या भिंतीवर हवा होता.

सोमवारी दुपारी मी स्टुडिओच्या खिडकीशी बसले आणि निगेटिव्ह काचेवर लावलं. प्रिंट कितीही काढता येतात, निगेटिव्ह एकच असतं. सेठजींनी विचारलंसुद्धा, "प्रिंट पे कर ले ना, नेगेटिव्ह क्यों बिगाड़ती है?" पण निगेटिव्हवर काम सफाईदार होतं, आणि मला सफाई हवी होती. भिंगातून बघत आधी चेहरा भरला. मग खांदे. मग हँडलवरचे हात. पिशवी. दोन दिवस लागले. हात एकदाही थरथरला नाही. तो थरथरला होता असं सांगायला मला फार आवडलं असतं.

प्रदर्शनात फोटोला पहिला नंबर मिळाला. चौकटीला निळी फीत लागली.

घरी मी काही बोलले नव्हते. पण बाबा सेठजींना रस्त्यात भेटले आणि सेठजींनी हौसेने सांगितलं, "जाओ भिया, देख के आओ, बेटी का नाम हो गया." बाबा दिवाळीचा पांढरा शर्ट घालून आले. केस विंचरून आले. आपला फोटो बघायला आले.

मी भाऊसाहेबांच्या घोळक्यात होते, हातात चहाचा कप. बाबा फोटोसमोर उभे राहिले. जवळ गेले. मागे झाले. परत जवळ गेले, आणि त्यांचं बोट काचेकडे गेलं.

"हाँ भैया?" भाऊसाहेब म्हणाले. "काँच को हाथ मत लगाना. किसके साथ आए हो?"

बाबांनी हात पाठीमागे घेतले. मुकादमासमोर घेत असत तसे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं.

"किसी के साथ नहीं, साहब," ते म्हणाले. "ऐसे ही. फोटू देखने आया था."

आणि जिना उतरून गेले. मला खालून सायकलचं स्टँड उडवल्याचा आवाज आला. सहा-सात पावलं टाकली असती तर मी जिन्यापर्यंत पोचले असते. मी चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नेहमीसारखं सायकलवर स्टुडिओत सोडलं. मी कॅरियरवर, समोर त्यांची पाठ. रस्त्यात फक्त एवढं बोलले.

"नंबर आला. छान झालं. पण बेटा, दोष राहून गेला त्यात. माणूस काढलास, त्याची सावली पाण्यात तशीच आहे. उलटी. सायकलसकट." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "हातातलं काम असं नाही सोडायचं. पास करणाऱ्याने पण नीट बघितलं नाही."

स्टुडिओत पोचल्यावर मी प्रिंट काढून बघितला. होते. काठावर धुकं, काठावर कोणीच नाही, आणि खाली पाण्यात लव्हाळ्याच्या काळोखात माझे बाबा डोकं खाली करून उभे. मला दिसले नव्हते. पहिला नंबर देणाऱ्यांना दिसले नव्हते. क्लबातल्या त्या साऱ्या शहाण्यांत फोटो नीट वाचणारा एकही नव्हता. तो वाचला तीस वर्षं कापड तपासणाऱ्या माणसाने, ज्याला काचेला हात लावू नको म्हणून सांगितलं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. लाजेने रडले. दुःखाला तेव्हा जागाच नव्हती.

पुढच्या पहिल्या रविवारी मी टेबलावर जुनाच प्रिंट ठेवला. लाल फुलीवाला.

"हा झाला की आपला," भाऊसाहेब म्हणाले. "हा तर सुधारला तू."

त्यांचा हात पुठ्ठ्यांकडे गेला. ते मी आधी उचलले. नियम होता तोंड न उघडण्याचा. मी उघडलं.

"सर, हा सायकलवाला नाही. माझे वडील आहेत. मागे तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. मी परदेशीपुऱ्यात राहते. प्रदर्शनात तुम्ही ज्यांना काचेला हात लावू नका म्हणालात, ते हेच."

कोणीतरी खुर्ची सरकवली. भाऊसाहेब गडबडले, खरंच गडबडले. माणूस वाईट नव्हता. "अरे बेटा, आधी सांगायचं ना. तुझे वडील आहेत म्हटल्यावर आम्ही असं बोललो असतो का?"

"म्हणजे माझे वडील नसते, तर पिंकच होती?"

"तू भावुक होते आहेस. इथे फोटोवर बोलणं चालतं, माणसावर नाही."

मी तसबिरीकडे बोट दाखवलं. बोलता बोलता तिथला तो हात मला पहिल्यांदाच दिसला होता. "सर, हा छत्रीचा हात कोणाचा आहे?"

भाऊसाहेब वळले. सगळे वळले. वर्षानुवर्षं ज्या भिंतीखाली ते बसत होते तिच्याकडे त्यांनी पाहिलं. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "चहा मागवू का?" मी निळी फीत टेबलावर ठेवली, माझा फोटो घेतला आणि जिना उतरले. पुठ्ठ्याचे तुकडे चुकून माझ्याच हातात राहिले होते. ते मी खालच्या नाल्यात टाकले.

तुम्हाला वाटेल, झालं, मुलगी जागी झाली. थांबा. घरी जाऊन मी बाबांची माफी मागितली नाही. जीभ रेटली नाही. क्लबात काय झालं तेही सांगितलं नाही. त्यानंतर त्यांनी माझा एकही फोटो बघायला मागितला नाही, आणि तळ्यावर नेलं तरी मी कॅमेरा लावला की ते सायकल घेऊन बरेच दूर, झाडामागे जाऊन उभे राहायचे. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा फोटो नव्हता. रेशनकार्डावरचा होता, त्यात ओळखू येत नव्हते.

स्टुडिओत मात्र मी सेठजींना सांगून टाकलं. व्रण घालवीन, सुरकुत्या घालवीन, माणूस घालवणार नाही. "पागल हो गई क्या? ये तो काम है," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग दुसरा हात शोधा." त्यांनी शोधला. मी शाळांचे ग्रुप फोटो काढत फिरले, महूपर्यंत. प्रत्येक वर्गाच्या फोटोत मी शिपायाला आणि झाडूवालीला उभं करते. हेडमास्तर कुरकुर करतात. करू देत.

आता फोनवर माणूस बोटाने पुसता येतो. माझ्याकडे फोटो शिकणारी मुलं ग्रुपवर डोंगराचे, धबधब्याचे फोटो टाकतात आणि मला विचारतात, मॅडम, क्रिटिक द्या ना, मागचा तो माणूस काढू का? मी विचारते, कोण आहे तो? माहीत नाही म्हणतात. मग मी सांगते, आधी जाऊन विचारून ये. तोवर मी एक शब्द बोलणार नाही. निम्मी मुलं पुन्हा येत नाहीत.

निगेटिव्ह वाया गेलं, ते मीच घालवलं. बाबा जिथे आहेत असा तो एकच प्रिंट उरला, माझ्या भिंतीवर. पाहुणे फुली बघून हळहळतात. सांगतात, अहो, हे निघत असेल. निघतं. मेणाची पेन्सिल आहे, कापसाचा बोळा आणि दोन थेंब स्पिरिट, अर्ध्या मिनिटाचं काम. माझ्याइतकं ते कोणाला माहीत नसेल. पण मारल्या दोन्ही भाऊसाहेबांनी असल्या, तरी त्यातली एक रेघ त्यांची आहे आणि एक माझी. मी ती फुली पुसणार नाही.