डाव्या बाजूची दोन चाकं

माझी पोस्टिंग तेव्हा फौजेच्या एका फिरत्या इस्पितळाबरोबर होती. हुद्दा नायक, काम व्हेईकल मेकॅनिक. आमच्याकडे पाच गाड्या आणि एक ट्रेलर. ट्रेलर म्हणजे सामान वाहायची ट्रॉली नव्हे. चार चाकांवरची बंद खोलीच ती. आत ऑपरेशनचं टेबल, दिवे, पाण्याची टाकी आणि झोपायला दोन बंक. ट्रकमागे जोडायची आणि लागेल तिथे न्यायची. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा मी बूट बाहेर काढले होते. पुढे महिनाभर सगळ्यांनी त्यावरून माझी फिरकी घेतली.

चौदा वर्षांपूर्वीचा मे महिना. ट्रेलर उत्तरेत, डोंगरातल्या चौक्यांच्या पायथ्याशी पोचवायचा हुकूम आला. तोही रस्त्याने. लांबच्या मूव्हआधी चाकांची बेअरिंगं काढून, धुऊन, नवं ग्रीस भरायचं आणि ग्रीस बाहेर येऊ न देणारी सीलं बदलायची हा नियम. निघायच्या आदल्या दिवशी चार वाजता आम्ही दोघे कामाला लागलो. उजवी दोन चाकं उस्तादांकडे, डावी दोन माझ्याकडे.

उस्ताद म्हणजे हवालदार गौतम. शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यातले, वय तेहतीस. मी जामनेरकडचा. सगळ्यांदेखत ते हिंदी बोलत, पण गाडीखाली आडवे झाले की त्यांची अहिराणी सुरू व्हायची. त्या आठवड्यात ते खुशीत होते. त्यांना चार महिन्यांपूर्वी मुलगी झाली होती आणि त्यांनी तिला अजून पाहिलं नव्हतं. आमचा रस्ता धुळ्यावरून जाणार होता. दुपारच्या जेवणाचा हॉल्ट नरडाण्याला, बारा ते दीड. तिथून त्यांचं गाव आठ किलोमीटर. कॅप्टन साहेबांनी त्यांना सव्वा तासाची सुट्टी मंजूर केली होती. भाऊ मोटारसायकल घेऊन हॉल्टवर येणार होता.

बेअरिंग हातात घेतलं की ते उजेडाकडे धरायचे. मलाही दाखवायचे. पोलादी कड्यात बसवलेले बोटाच्या पेराएवढे रोलर, आरशासारखे चकचकीत. "हाई दख. बठ्ठं वजन याना वर," ते म्हणायचे. एवढी मोठी खोली, टेबल, पाणी, डॉक्टर, सगळ्याचा भार त्या पेराएवढ्या रोलरांवर, आणि रोलर आणि पोलाद यांच्यात ग्रीसचा केसाहूनही पातळ थर. मी एकवीस वर्षं हेच काम केलं. त्याचं नवल मला अजून वाटतं.

ग्रीस भरायची त्यांची पद्धत अशी. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा, बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहायची, ग्रीस रोलरांमधून वर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुन्हा. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याच्या, पोकळीत मात्र फक्त ग्रीसचा हात फिरवायचा. मी बेअरिंगं त्यांच्यासारखीच भरली. पण पोकळी रिकामी दिसली आणि मला राहवेना. आमच्या आबांच्या केळीच्या ट्रॉलीचे हब मी लहानपणापासून भरलेले. तिथे पोकळीत ग्रीस ठासून, काठोकाठ भरतात, म्हणजे शेतातली माती आत शिरायला जागाच राहत नाही. वंगणात हात आखडू नये, हे आबांचं वाक्य. मी डावे दोन्ही हब ठासून भरले, नवं सील ठोकून बसवलं, टोपी लावली.

"झाय का?" उस्तादांनी विचारलं.

"झालं, उस्ताद."

चेक करणं त्यांचं काम होतं. त्यांनी चाक फिरवून पाहिलं, हलवून पाहिलं. हब उघडून पाहिला नाही. खान्देशातल्या पोराने भरलंय म्हटल्यावर त्यांना पुरेसं वाटलं असावं.

पहाटे पाचला निघालो. पहिला हॉल्ट नऊ वाजता, मालेगावच्या अलीकडे, पंधरा मिनिटांचा. गाडी थांबली की पाणी पिण्याआधी उस्ताद ट्रेलरभोवती एक फेरी मारत आणि प्रत्येक हबला उजव्या हाताची मागची बाजू टेकवत. तळव्याला घट्टे पडतात, त्याला ऊब नीट कळत नाही, असं ते म्हणत. हाताची ती बाजू ते कामातही ग्रीसपासून जपायचे. त्या दिवशी ते डावीकडे दोनदा थांबले.

"डावं जास्त गरम शे."

"उन्हामुळे असेल, उस्ताद."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आपण उत्तरले जाई ऱ्हायनूत. नऊ वाज्यात. सूर्य कोनता बाजूले शे?"

सूर्य उजवीकडे होता. डावी बाजू सावलीत होती आणि तरीही तीच जास्त तापली होती.  पंधरा मिनिटांत हब उघडता येत नाही. ते म्हणाले, "नरडाणाले उघडसूत," आणि पाणी प्यायला गेले. नरडाण्याला उघडायचं म्हणजे कोणाच्या वेळेत उघडायचं, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं नाही. त्यांच्या शिरलं असणारच.

धुळं मागे पडल्यावर ट्रकच्या ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि वायरलेस उचलला.

"ट्रेलर टू लीड. लेफ्ट रियर से धुआँ. ओवर."

"लीड टू ट्रेलर. चल सकते हो? ओवर."

उस्तादांनी सेट घेतला. "स्लो चलेंगे साहब. हॉल्ट पर खोलेंगे. ओवर."

बाराला पाच कमी असताना नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला, लिंबाच्या झाडांखाली थांबलो. ऊन असं की पाना उघड्या हाताने धरवत नव्हता. डाव्या मागच्या टायरच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फराटे उडालेले. चाक काढलं. सील जागेवरून बाहेर आलं होतं आणि पातळ झालेलं ग्रीस ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलं होतं. ब्रेक शू तुपात तळल्यासारखे. पुढे तापीचा पूल आणि त्यानंतर सातपुड्याचा घाट. त्या ब्रेकवर घाटात जाता आलं नसतं.

उस्तादांनी हबमध्ये बोट घातलं. ते मुळापर्यंत ग्रीसमध्ये गेलं.

"कितलं भरं?"

"पूर्ण, उस्ताद. आमच्या ट्रॉलीला असंच भरतात."

"ट्रॉली वावरमाईन घर जास. दोन कोस, बैलना चालीवर. हाई दिवसभर पळस." ते रागावले नव्हते. शाळेत गणित सोडवून दाखवावं तसं बोलत होते. "पळनं का ग्रीस घुसळास, तापस, फुगस. त्याले जागा पाहिजे. जागा नई भेटनी का ते सीलले ढकलस." अति तिथं माती ही म्हण मी शेकडो वेळा ऐकली होती. तिचा अर्थ मला त्या दिवशी नरडाण्याला कळला.

कॅप्टन साहेब आले. "किसकी गलती है?"

मी तोंड उघडलं, पण उस्ताद आधी बोलले. "मेरी, साहब. चेक मेरा था."

"डेढ़ बजे निकलना है. आज रात ट्रेलर घाट के उस पार चाहिए. नहीं होगा तो यहीं छोड़ना पड़ेगा."

"हो जाएगा, साहब."

हिशोब सरळ होता. मागचं चाक गेलं होतं, पुढचं डावं त्याच वाटेवर होतं. दोन हब, एका हबला एक तास, मेकॅनिक दोन. तेवढ्यात मोटारसायकल येऊन थांबली. उस्तादांचा भाऊ उतरला, सगळ्यांना जय भीम केला आणि म्हणाला, "चाल दादा, आई वाट दखी ऱ्हायनी."

"माले येता येवाव नई. तू जा. वहिनीले अन् पोरले आठेच लई ये."

"एवढा उन्हामा?"

"पोरले पदरखाल लपेटी आन. जा."

भाऊ गेला. मी म्हणालो, "उस्ताद, तुम्ही जा. मी दोन्ही करतो." ते म्हणाले, "दोन तास लागतीन तुले," आणि मागच्या चाकापाशी घोंगडं टाकून बसले. अवघड चाक त्यांनी स्वतःकडे घेतलं.

मला शरम वाटत होती, पण त्या तासात शरमेपेक्षा जास्त काय वाटलं ते सांगतो. मी माणसाला असं काम करताना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. घाई नाही, एक हालचाल वाया नाही. बेअरिंग रॉकेलच्या डब्यात, मग फडक्यावर. एकेक रोलर नखाने फिरवून पाहायचे. तापून निळा पडलाय का, खड्डा आहे का. ड्रम पेट्रोलने धुतला, शू किटमधले नवे घातले. सीलवर लाकडाचा ठोकळा ठेवून चहूकडून हलके ठोके, घड्याळाच्या काट्याच्या क्रमाने. गावाकडच्या रस्त्याकडे त्यांनी एकदाही मान वर करून पाहिलं नाही. घाम नाकावरून ठिबकत होता, तो बेअरिंगवर पडू नये म्हणून डोकं तिरकं धरलं होतं, एवढंच.

एक वाजून दहा मिनिटांनी त्यांचं चाक लागलं. त्याच वेळी मोटारसायकल आली. वहिनी उतरल्या. छातीशी पदरात गुंडाळलेलं बाळ. त्या लिंबाखाली उभ्या राहिल्या.

उस्तादांनी तिकडे पाहिलं. हसले. हाताने थांबा अशी खूण केली आणि माझ्या चाकाकडे आले.

"दखू दे."

माझा नट लागला होता, तो फिरू नये म्हणून त्यातून स्प्लिट पिन घातलेली होती. त्यांनी चाक फिरवलं, कान हबला लावला. पिन काढायला सांगितली. पिनचं भोक जुळेना म्हणून मी नट अर्धी खाच पुढे आवळला होता. फौजेत आम्हाला सगळं घट्ट करायची सवय. हे एक ठिकाण असं की तिथे घट्ट केलं की बेअरिंग मेलं. त्यांनी चाक फिरवत नट आवळला, मागे सैल सोडला, मग फक्त बोटांनी टेकवला. भोक जुळेना तेव्हा नट मागे घेतला, पुढे नाही. पिन वाकवली, टोपी बसवली, दुसऱ्यांदा चाक फिरवलं. आता ते निःशब्द फिरत होतं. एक पंचवीस झाले होते.

मग ते लिंबाखाली गेले. मी सामान गोळा करत होतो, दहा पावलांवर. न ऐकण्याचा प्रयत्न केला, पण ऐकू आलं.

"उचली ल्या ना," वहिनी म्हणाल्या.

"हात भरेल शेतस." कोपरापर्यंत काळं ग्रीस, रॉकेल, पेट्रोल. तसल्या हातांनी चार महिन्यांचं बाळ कोण घेईल? पोर जागी होती, टकामका बघत होती. उस्तादांनी उजवा हात उलटा केला आणि त्याची मागची बाजू, ती जपलेली तळहाताएवढी जागा, पोरीच्या तळपायाला टेकवली. बराच वेळ. हब तपासायला ते इतका वेळ कधी लावत नसत.

"परत येसू तवय उचलसू," ते म्हणाले.

दीड वाजता शिट्टी झाली. आम्ही निघालो. शिरपूरला थांबून त्यांनी चारही हबना हात लावला. चारही सारखे कोमट. घाट अंधार पडायच्या आत मागे टाकला.

ट्रेलर वेळेवर पोचला. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्याच्या टेबलावर आमची पोरं आली. काही स्ट्रेचरवर आली आणि पायांनी चालत गेली. मी बाहेर चाकांपाशी बसलेलो असे आणि प्रत्येक वेळी नजर डाव्या हबांकडे जायची.

ऑक्टोबरात दरड कोसळली. खालच्या वळणावर एक रुग्णवाहिका अडकली होती, आत दोन जखमी. उस्ताद रिकव्हरीच्या गाडीबरोबर गेले. रुग्णवाहिकेला वायररोप लावला, ती बाहेर निघाली, आणि वरून दुसऱ्यांदा डोंगर आला. जखमी वाचले. उस्ताद आम्हाला तिसऱ्या दिवशी मिळाले.

त्यांना गावी मीच आणलं.

दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनी मी त्यांच्या घरी जातो. बुद्धवंदना होते, फोटोपुढे मेणबत्ती लावतात, मग सगळे जेवतात. मुलीचं नाव सुजाता. नववीत आहे. धुळ्याला शिकते, शहरासारखं बोलते. यंदा वंदना झाल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"काका, तुम्ही नरडाण्याला होतात ना? पप्पांनी मला कडेवर घेतलं होतं, तेव्हा मी रडले का हसले? मम्मीला आठवत नाही म्हणते."

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी ताट पुसायचं थांबवलं होतं. चौदा वर्षं त्यांनी पोरीला सांगितलं होतं की बापाने तिला उचलून घेतलं. आणि त्यांनाही अर्धंच माहीत होतं. त्यांना वाटत होतं, गाडी बिघडली.

वहिनी हळूच म्हणाल्या, "सांगा भाऊ. जे व्हयनं ते सांगा."

मी सांगितलं. डावे हब, आबांची ट्रॉली, ठासून भरलेलं ग्रीस. वीस मिनिटं उरली होती, त्यातली पंधरा माझं चाक पुन्हा लावण्यात गेली, हेही. त्यांनी तुला उचललं नाही, सुजाता. त्यांचे हात माझ्या चुकीने भरलेले होते. साहेबांपुढे मात्र चूक त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली.

तिने फोटोकडे पाहिलं.

"पप्पा तुमच्यावर रागावले नाहीत?"

"नाही."

"नंतर कधी?"

"कधीच नाही."

"मला येतोय, काका," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला तुमचा राग येतोय."

"येऊ दे, बेटा," मी म्हणालो. "त्यांच्या वाटचाही येऊ दे."