कापलेली चार मिनिटं

अमडापूरच्या निजामला कोणी समीक्षक म्हटलं असतं तर तो खो खो हसला असता. पण होता तो समीक्षकच, आणि तोही खडूस. बाप पिंजारी, लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजता पिंजता खोकून खोकून गेला. निजामने बापाच्या धुनकीला हात लावला नाही. आठवीत शाळा सोडली आणि पुढे स्टँडजवळ मोबाइलचं दुकान टाकून लोकांच्या मेमरी कार्डात गाणी नि सिनेमे भरून द्यायला लागला.

असे भरणारे तालुक्यात पुष्कळ होते. निजाम मात्र आधी सगळं स्वतः बघायचा आणि भरता भरता गिऱ्हाइकाला त्यातलं बरंवाईट ऐकवायचा, त्याने विचारलेलं नसलं तरी. "मध्यांतरापर्यंत पाहा, मंग खुशाल झोपा," असं तो तोंडावर सांगे, आणि ते तसंच निघे. जमीन नव्हती, शिक्षण नव्हतं. गावात जी काय इज्जत होती ती या शब्दाची. तो शब्द तो जिवापाड जपे.

दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे एक जपानी कार्टून मालिका आली, हिंदीत बोलणारी. तिच्यातली पोरं डोक्यावर टोप चढवतात आणि सरळ खेळाच्या आत उतरतात. आत समुद्र, बेटं, लढाया. हरलं की बाहेरच्या खऱ्या आयुष्यातली एक आठवण पुसली जाते. कोणी घरचा रस्ता विसरतं, कोणी आईचं नाव. आणली होती कॉलेजच्या पोरांसाठी, पण तिचा खरा नाद लागला दयारामला. दयाराम पन्नाशीचा, बौद्धवाड्यातला, चार एकरांचा शेतकरी. वानरं हाकलायला मचाणावर बसला की फोनवर तेच बघत बसे.

"चांगली हाय," निजाम त्याला म्हणाला होता. "पोरं लढतात, पण थकतात बी. सैपाक करतात, फाटलेले जोडे शिवतात. ते खरं वाटते. पण हिरो कधी हरतच नाही, अन् पोरीईले रडण्याबिगर काम नाही. अन् सगळ्यात मोठी खोट सांगू का? आठवण जाते हा नियम सातव्या भागात सांगतात. बाहेर यायचा दरवाजा बंद झाल्यावर. हे बेइमानी हाय, दयारामभाऊ."

"हाव ना," दयाराम म्हणाला. "आधी सांगतलं असतं तं अर्धे पोरं आत गेलेच नसते."

त्याच महिन्यात एका बियाणे कंपनीचा माणूस दुकानात आला. बीटी कपाशीची अकरा मिनिटांची फिल्म होती, ती प्रत्येकाच्या कार्डात भरायची होती. तुमचा शब्द गावात चालतो म्हणे, असं तो म्हणाला आणि निजाम तिथेच विरघळला. जगाची खोट काढणाऱ्या माणसाला स्वतःची स्तुती मात्र गोड लागली. दुकानावर कंपनीच्या खर्चाने नवीकोरी पाटी लागली, निजामच्या नावाची.

अडचण जागेची होती. मालिकेचे पंचवीस भाग भरले की दोन जीबीच्या कार्डात अकरा मिनिटांना जागा उरेना. निजामने फिल्म बघितली. पहिली सात मिनिटं झकास: कमरेएवढी कपाशी, बोंडांनी वाकलेली झाडं, हसणाऱ्या बाया. शेवटची चार मिनिटं एक म्हातारा शास्त्रज्ञ फळ्यापुढे उभा राहून बोलत होता. मोठ्या पाकिटात एक छोटं पाकीट असतं, त्यात साधं, बीटी नसलेलं बियाणं असतं, ते कडेने पाच ओळी लावा; सगळ्यांनी लावलं नाही तर चार-दोन वर्षांत अळी या कपाशीला दाद देणार नाही. म्हातारा अडखळत बोलत होता, खोकत होता. निजामला ते रटाळ वाटलं. शेवटी पकड सुटते, असं म्हणून त्याने म्हातारा कापून टाकला. बायकोला, अख्तरीला, अभिमानाने दाखवलंही, की बघ, कशी आटोपशीर झाली.

तीन हंगाम तीच फिल्म तो भरत राहिला. लोक विचारत, "काय म्हणते फिलम?" तो म्हणे, "एकदम बढिया, कुठंच कंटाळा नाही."

दोन हजार सतराच्या दिवाळीनंतर बोंडं किडकी निघाली. वरून हिरवीगार, फोडली की आत गुलाबी अळी. एका दुपारी दयाराम दुकानात आला आणि बाकावर बसला. कार्ड काढलं नाही.

"पंचायतीत कृषीवाल्यानं फिलम दाखवली," तो म्हणाला. "तुह्यावालीच. पण तिच्यात शेवटी एक म्हातारा हाय. तुह्यावालीत तं म्हातारा नव्हता."

निजाम खोटं बोलू शकला असता. कंपनीने तेवढीच दिली म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं? पण खोटं त्याच्या तोंडाला यायचं नाही, हे त्याचं भाग्य म्हणा की भोग.

"म्या कापला," तो म्हणाला.

"काऊन?"

"कंटाळवाणा होता."

दयाराम चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"तुह्या एकट्याच्यानं अळी थांबली नसती, भाऊ," निजामच घाईघाईने बोलू लागला. "साऱ्या जिल्ह्यात कोणी लावलं ते पाकीट? सारे फेकूनच देतात."

"साऱ्याईचं मले नोको सांगू. मले बारीक अक्षर वाचता येत नाही. तू सांगतलं असतं तं म्या लावलं असतं. तीन वर्सं ते पाकिटं म्या माह्या हातानं उकिरड्यावर टाकले."

निजामला लाज वाटली, इतकी की पुढचे दोन दिवस दुकान उघडलं नाही. पण जगात कोणाचं अडत नाही. तिसऱ्या दिवशी उघडावंच लागलं.

महिन्याभराने मालिकेचा पुढचा खंड आला. दयाराम कार्ड घेऊन आला, नेहमीसारखा. निजामचा जीव भांड्यात पडला. संगणकाला कार्ड लावता लावता तो जुन्या सवयीने सुरू झाला, "सुरुवात चांगली हाय, भाऊ, पण मधले तीन भाग..."

"सांगू नोको," दयाराम म्हणाला. "काई कापू बी नोको. कंटाळवाणं असंन तं असू दे, माह्यं म्या पाहीन."

निजामने मधल्या तीन भागांसकट सगळे भाग जसेच्या तसे भरले आणि कार्ड त्याच्या हातात दिलं.