विहिणीच्या ओढ्याचं पाणी

आमच्या शेजारच्या नंदाबाईला घाण बघवत नाही. माझ्या ओट्यावर डाग दिसला तरी ही फडकं घेऊन हजर. अशा बाईला नगरपंचायतीनं सांडपाण्याच्या केंद्रावर कामाला घेतलं, तेव्हा अख्खी गल्ली पोट धरून हसली. पण बाई तिथं रमली. गटाराचं पाणी पहिल्या टाकीत निवळतं, दुसरीत पंप त्यात हवा सोडतो आणि मग ते कर्दळीच्या वाफ्यातून झिरपत ओढ्याला मिळतं.

हा ओढा पुढं ज्या खेड्यातून वाहतो, तिथंच तिची लेक राजनंदिनी दिलेली. तिची सासू सोनूबाई मोठी तिखट. लग्नापासून टोमणा ठरलेला, "लेक दिली ती दिली, गावाची मोरीबी आमच्याकडंच धाडली." केंद्र सुरू झालं, पाणी नितळलं, सोनूबाईच्या म्हशी ओढ्यात डुंबायला लागल्या आणि टोमणा बंद झाला. नंदाबाई तेव्हापासून हवेतच चालत होती.

यंदा धोंड्याचा महिना आला. जावयाला जेवायचं बोलावणं गेलं, तर सोनूबाईनं कळवलं, मीही येते, तुमचं केंद्र बघायचंय. झालं! नंदाबाईच्या डोळ्यांत दुसरी टाकी खुपायला लागली. पाणी तपकिरी, त्यावर फेस. विहीण काय म्हणेल? तिनं मंठ्याच्या बाजारातून फिनेल आणि ब्लीचिंग पावडर आणली आणि सढळ हातानं टाकीत ओतली.

जेवणाच्या आदल्या दिवशी वाफ्यातून राखाडी, कुजकट पाणी यायला लागलं. तिनं घाबरून इंजिनियर मिथुनला फोन लावला.

"मावशी, तो तपकिरी गाळ म्हणजे जिवंत जंतू. घाण तेच खातात. तुम्ही सगळे मारून टाकले!"

"मंग आता?"

"नव्यानं विरजण लावायचं. शेणकाला घाला, हवा चालू ठेवा. तोवर पाणी बाजूच्या खड्ड्यात वळवा."

पाणी लगेच वळवलं. पण गेलं ते ओढ्याला गेलंच होतं. तिचा नवरा रामराव म्हणाला, "गप ऱ्हा. उद्या जेवण हाय. कोणाला कळून राह्यलंय?"

नंदाबाईनं मात्र फोन उचलला. "सोनूबाई, म्हशी ओढ्यात सोडू नका. पाणी माझ्या हातानं नासलं."

पलीकडून फोन कट. नंदाबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं धोंडे तळले, पण लक्ष दारात. दुपारी निरोप आला की विहिणीचा ट्रॅक्टर परस्पर केंद्रावर गेलाय. आम्ही धावलो. ट्रॉलीत काठोकाठ ओलं शेण आणि शेजारी पदर खोचून उभी सोनूबाई.

"जावयाला धाडलंय घरी, जेवू द्या त्याला," ती म्हणाली. "राजनंदिनीनं त्या मिथुनला फोन करून इचारलं, तवा शेण लागतंय ते कळलं. बादली आणा जल्दी."

दोघी विहिणी पिपात शेण कालवायला लागल्या. कोपरापर्यंत हात भरले. नंदाबाईनं हळूच विचारलं, "रागावल्या न्हाईत का?"

"रागावले ना, रातभर! पण इतकी वर्सं घाण येऊन राह्यली, तवा सांगायला कोणी फोन केल्ता का?" सोनूबाई कालवत म्हणाली. "तुमचाच पहिला."