वांग्याच्या वावरातलं वाचन

ही गोष्ट मी शाळेबाहेर आजवर कुणालाच सांगितलेली नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात बोलायला उभी राहिले की आमच्या वाचनालयाच्या तासाबद्दल मी भरभरून बोलते — गोष्टी वाचता वाचता मुलं स्वतःचा राग कशी ओळखू लागली, माफी मागायला कशी शिकली. टाळ्या पडतात. पण एक भाग मी दर वेळी गाळते. का? तुम्हीच वाचा.

कामरगावजवळच्या एका शाळेत मी शिकवते, वाचनालयही माझ्याकडेच. सातवीत वैष्णवी होती, धनज गावच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. मोठ्यानं वाचायची वेळ आली की तिचा आवाज घशातच अडकायचा. एकदा तासाला आम्ही भीतीबद्दलची गोष्ट वाचली. सगळे गेल्यावर ती माझ्यापाशी थांबली.

"मॅडम, मले वांग्याच्या वावरात बसून बराबर वाचता येते," ती हळूच म्हणाली. "झाडं कोनाले हासत नाईत."

हे तिनं फक्त सेजलला, तिच्या जिवलग मैत्रिणीला, सांगितलं होतं. आणि आता मला. किती विश्वासानं!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत, चहा घेता घेता मी तिची नक्कल केली — उकिडवी बसून वांग्यांना धडा वाचून दाखवणारी वैष्णवी. सगळे खो खो हसले. आणि मला — काय लपवू? — मला बरं वाटलं. त्यातल्याच कुणीतरी ते वर्गात गमतीनं सांगितलं असावं. शाळा सुटेपर्यंत पोरं तिला 'वांगेबाई' म्हणू लागली होती.

ती सरळ माझ्याकडे आली. "मॅडम, तुमी कोनाले सांगतलं काय?"

असं समोरासमोर, शांतपणे विचारायला मीच तर शिकवलं होतं. आणि मी काय म्हणाले?

"नाही गं. मी कशाला सांगू?"

"मंग सेजलनंच सांगतलं."

मी गप्प बसले.

सेजल कामरगावच्या किराणा दुकानदाराची मुलगी, मोठी बोलकी. तिला पोरी 'चुगलखोर' म्हणू लागल्या. दोघी वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसायच्या. आणि मी? मी त्याच दिवसांत माफीचा धडा घेत होते! माफी मागताना 'पण' म्हणायचं नाही, हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत होते.

अशाच एका तासाला सेजल उठली. "वैष्णवी, म्या नाई सांगतलं. तुले खरं वाटो, नाई तर नको वाटो. पोरं तुले चिडवून राह्यले, ते मले पाहावत नाई. मी तुह्याजवळ बसते."

दप्तर उचलून ती तिच्या शेजारी गेली. वैष्णवी क्षणभर तशीच बसली — आणि मग सरकली. जागा केली तिनं! मी जे शिकवायला निघाले होते, ते माझ्या डोळ्यांदेखत घडत होतं. माझ्याशिवाय.

तास संपल्यावर मी दोघींना थांबवलं. "सांगितलं मीच होतं. मला माफ करा, पण मला वाटलं नव्हतं की—"

"मॅडम," वैष्णवी म्हणाली, "'पण' नाई."

मी पुन्हा सुरुवात केली, एकेक कबूल करत. नक्कल केली. खोटं बोलले. सेजलवर आळ येऊ दिला.

"मले लय राग आला तुमचा," वैष्णवी म्हणाली. डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या.

"आता सगळ्याइले सांगा," सेजल म्हणाली. "मले अजून चुगलखोर म्हनून राह्यले."

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी सगळ्या शाळेसमोर ते सांगितलं. मग बोधकथा वाचायची वेळ झाली, आणि रांगेतून वैष्णवी बाहेर आली. माझ्या हातातला माइक तिनं घेतला. पहिल्या ओळीला आवाज कापला. दुसरीला सावरला. मग तो असा चढला, की रस्त्यावर जीपची वाट बघणारी माणसं वळून पाहू लागली! कुणी हसलं नाही. वाचून झालं तेव्हा पहिली टाळी सेजलची पडली, आणि मग सगळं मैदान कडाडलं.

त्या मुलीला मी धीर दिला, असं प्रशिक्षणातले लोक समजतात. धीर तिचा होता, सेजलचा होता. मी तिच्या भीतीचं चारचौघांत हसं केलं, तिच्याशी खोटं बोलले आणि तिच्या मैत्रिणीला बोलणी खाऊ दिली.