उपकारस्तुती आणि बाजरीच्या खारोड्या

मागच्या हंगामात आमच्या खामगावच्या चर्चमध्ये दीडशे माणसांनी उभं राहून, एका सुरात, पूर्ण श्रद्धेने परमेश्वराला बाजरी रात्रभर भिजत घालायला सांगितली.

त्याला मी जबाबदार आहे. (मी हायस्कुलात मराठी शिकवते, हेही इथेच सांगून टाकते. मागाहून कळलं तर जास्त लागेल!)

माझे बाबा, दानिएल गुरुजी, संग्रामपूरकडच्या खेड्यांतून मास्तरकी करत निवृत्त झाले. त्यांच्याकडे एक लांबडं रजिस्टर होतं. त्यात प्रार्थना. पेरणीची प्रार्थना, नव्या घराची, लग्नाची, ऑपरेशनची, परीक्षेची, पोरगी सासरी रुळत नसेल तर तिची वेगळी आणि तिच्या सासूची वेगळी. ज्याला जे हवं ते बाबा बसून लिहून द्यायचे आणि एक प्रत रजिस्टरात ठेवायचे. मागणारे काही फक्त ख्रिस्तीच नसत. "गुरुजी, म्हैस दूध देऊन नाई राह्यली, तुमच्या देवाले काही सांगता का?" म्हणत शेजारचा शेतकरी यायचा. बाबा त्या म्हशीचं नाव विचारून घ्यायचे. रजिस्टरात आजही 'चंद्री म्हशीकरिता विनंती' आहे, आणि ती लग्नाच्या प्रार्थनेपेक्षा दोन ओळींनी मोठी आहे.

शाई मागे उमटते म्हणून बाबा कागदाच्या एकाच बाजूला लिहीत. आईला हे बघवत नसे. एवढी कोरी पानं वाया! म्हणून ती मागच्या बाजूला आपल्या कामाचं लिहून ठेवायची. लोणच्याचं प्रमाण, पापडाचं प्रमाण, खोकल्याचा काढा. आणि गंमत अशी की आईला अक्षर शिकवलं बाबांनी, लग्नानंतर, चुलीपुढे बसून. त्यामुळे तिचं अक्षर हुबेहूब बाबांचं. तोच वळणदार 'ळ', तीच लांब वेलांटी.

हे मला माहीत होतं. रजिस्टर प्रेसमध्ये देताना मात्र मी ते सांगितलं नाही!

झालं होतं असं की रजिस्टराची शिवण उसवली. पानं सुटी झाली. त्यातच बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी त्याने वाचण्याइतकं दिसत नव्हतं, आणि दुसऱ्याचं व्हायचं. एक दिवस ते ती पानं नाकाला लावून वाचायचा प्रयत्न करत होते, ते बघून मी म्हटलं, "बाबा, याचं पुस्तक काढू. उपकारस्तुतीच्या रविवारी सगळ्या मंडळीला देऊ."

"कायले व? माह्या नावाचं पुस्तक कायले?"

"तुमच्या नावाचं नाही. प्रार्थनांचं."

दोन महिने ते नाहीच म्हणत होते. शेवटी तयार झाले ते एका अटीवर. "छापाच्या आधी तू वाचशील. शब्द न् शब्द. मले तं दिसत नाई."

"शब्द न् शब्द!" मी छातीला हात लावून सांगितलं.

प्रेस इंगळे भाऊंचं. सज्जन माणूस, कामाला चोख. त्यांच्याकडची प्रणाली टायपिंग करायची आणि तिचा हात इतका साफ की अनुस्वारसुद्धा सुटत नसे. तिच्यापुढे पानांचा गठ्ठा आला. पुढून लिहिलेलं, मागून लिहिलेलं, अक्षर एकच. तिने पुढचं टाइप केलं, पान उलटलं, मागचं टाइप केलं. दुसरं कोणी काय केलं असतं? एका पानात संपलेल्या प्रार्थनेच्या खाली सुटी पाककृती आली असती, तर ती कुणाच्याही डोळ्यांत भरली असती. पण बाबांच्या मोठ्या प्रार्थना दोन-दोन पानांवर होत्या. त्यांच्या बरोबर पोटात आईचं लोणचं जाऊन बसलं. भाषाही मिळतीजुळती! देवाने काय करावं आणि डाळीचं काय करावं, दोन्ही मराठीत विध्यर्थात लिहितात. 'द्यावे', 'घालावे', 'ठेवावे'. (हा विध्यर्थ मी सव्वीस वर्षं शिकवते आहे.)

इंगळे भाऊंनी तपासायला सगळं पुस्तक मोबाइलवर पाठवलं. माझ्यापुढे तेव्हा दहावीच्या सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे. मी पहिली तीन पानं वाचली, एका ठिकाणी 'कृपादृष्टि'ची 'ष्टी' दीर्घ केली, तेवढ्यावर फार मोठं काम केल्याचं समाधान वाटलं आणि कळवून टाकलं, 'उत्तम. छापा.'

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "म्याडम, ते अकराव्या पानावर थोडं पाहून घेता का? मले जरा येगळंच वाटून राह्यलं."

"काय वेगळं?"

"आता कसं सांगू... त्याच्यात तिखट-मीठ हाये."

मी हसले. अगदी वरून, विदुषीसारखी हसले. "भाऊ, धार्मिक भाषेत दृष्टान्त असतात. मीठ तर आमच्यात फार महत्त्वाचं."

"आन् तिखट?"

"तुम्ही छापा हो!"

"हाव हाव," ते बिचारे म्हणाले. "मले वाटलंच, तुमच्यात असंन असं."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. तिच्यात वाक्य टाकलं, 'या संग्रहातील प्रत्येक शब्द मी डोळ्यांखालून घातला आहे.' आणि खाली सही. पदव्यांसकट!

उपकारस्तुतीचा, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायचा रविवार उजाडला. वेदीपुढे लोकांनी आपापलं पीक आणून ठेवलेलं. सोयाबीनच्या थैल्या, तुरीच्या हिरव्या फांद्या, कापसाची बोंडं, दोन भोपळे आणि पाय बांधलेली एक कोंबडी. पुस्तकं सकाळीच प्रेसमधून आली होती, गठ्ठे दारातच सोडले आणि हातोहात वाटले. निळं मुखपृष्ठ, वर बाबांचं नाव. बाबा पहिल्या बाकावर, काळा चष्मा लावून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. पुस्तक त्यांनी मांडीवर ठेवलं होतं आणि त्यावरून नुसता हात फिरवत होते. मी त्यांच्या शेजारी. आई पलीकडे, बायकांच्या बाजूला.

आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, नवीन होते, नगरकडचे. अतिशय गंभीर माणूस. त्यांचा उपदेश सव्वा तासाच्या आत कधी संपला नाही. ते म्हणाले, "आज आपण आपल्या दानिएल गुरुजींच्याच शब्दांत देवाचे उपकार मानू. पान अकरा. सर्वांनी उभे राहून, एकत्र."

दीडशे माणसं उठली. सुरुवात फार सुंदर झाली.

"हे दयाळू बापा, तू जमिनीतून पीक दिलेस आणि आमच्या कोठ्या भरल्यास. तरी आमची अंतःकरणे दगडासारखी आहेत. ती मऊ व्हावीत म्हणून बाजरी एक पायली रात्रभर भिजत घालावी."

मला वाटलं, आता तरी कोणी थांबेल. पण एकत्र वाचणारी माणसं म्हणजे उताराला लागलेली बैलगाडी!

"सकाळी पाणी निथळून जाडसर भरडावी. आधणात तिखट, मीठ व तीळ घालून सतत हलवत राहावे. गुठळी होऊ देऊ नये. हे सर्व तुझ्या कृपेशिवाय आम्हांला साधणार नाही. आमेन!"

मागच्या बाकावरून कोणीतरी नाकातून हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. आमच्या मार्थाआत्या, वय ऐंशीच्या पुढे, शेजारणीला म्हणाल्या, "आज पयल्यांदा प्रार्थना समजली बाई."

आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक खणखणीत आवाज आला.

"लसूण राह्यला!"

आई उभी होती. माझी आई. चर्चमध्ये गाण्याशिवाय जिचा आवाज कोणी कधी ऐकला नाही, ती!

"अवं माय, हे तं माही खारोडी व्हय! आन् लसूण कुठी गेला? बिनालसणाची कोण करते खारोडी?"

(खारोडी म्हणजे बाजरीचं वाळवण. पानाचा कोपरा फाटला होता. लसूण तिथे होता.)

बाबांनी काळ्या चष्म्यातून माझ्याकडे मान वळवली. "सुवार्ता," ते हळूच म्हणाले, "हे काय होऊन राह्यलं?"

माझं नाव सुवार्ता. म्हणजे चांगली बातमी. त्या क्षणी माझ्याकडे एकही नव्हती.

पाळकसाहेबांना वाटलं, एका पानाची चूक असेल. बाजू सावरायला ते घाईघाईने म्हणाले, "आपण पुढची प्रार्थना घेऊ. पान सतरा. 'पाळकांकरिता'."

मी हात हलवले. डोळे मोठे केले. ते बघायलाच तयार नाहीत! आणि मंडळी आता अशी उत्सुक झालेली की काय सांगावं. चष्मे पुसून, पुस्तकं वर धरून, इतक्या एकाग्रतेने आमच्या चर्चमध्ये कधीच काही वाचलं गेलं नसेल.

"हे प्रभू, या तुझ्या सेवकाला तुझ्या आत्म्याने काठोकाठ भर. त्याच्या मुखात तुझे वचन घाल आणि वरून गार केलेले तेल ओतून तोंड फडक्याने घट्ट बांधावे. वर्षभर हलवू नये."

'आमेन' आधीही होत असे. पण त्या दिवशीच्यासारखा आमेन मी जन्मात ऐकला नाही! खिडक्यांची तावदानं थरथरली. वेदीपुढची कोंबडी दोरीसकट उडाली आणि भोपळ्यावर जाऊन बसली.

मग बांध फुटला. गायनवृंद हसत होता, पेटीवाले पेटीवर डोकं टेकून हसत होते. पाळकसाहेब आधी लाल झाले. मग त्यांनी ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली असावी, कारण त्यांचे खांदे हलायला लागले आणि शेवटी तेही चष्मा काढून डोळे पुसू लागले.

हसत नव्हतो आम्ही दोघंच. बाबा आणि मी.

मी त्यांचा हात धरला. "बाबा, मी वाचलं नव्हतं. तीन पानं वाचली फक्त. तुम्हाला खोटं सांगितलं." पन्नाशीची बाई मी, पण आवाज तिसरीतल्या पोरीचा निघाला.

बाबा काठी टेकत उठले. हशा हळूहळू विरला. मला वाटलं, आता ते बाहेर निघून जाणार आणि ते पुस्तक पुन्हा हातात धरणार नाहीत.

ते मंडळीकडे वळले. "माही बायको लग्न होऊन आली तवा तिले अक्षर येत नव्हतं," ते म्हणाले. "म्या शिकवलं. मले गर्व होता त्याचा. मंग मी पुढच्या बाजूले लिहीत राह्यलो, बाप्पा, आम्हाले भाकर दे. आन् भाकर कोण देऊन राह्यलं ते मांगच्या बाजूले लिहिलेलं होतं. एवढ्या वर्षांत म्या एकडाव पान उलटून नाई पाह्यलं." त्यांनी आईच्या दिशेने हात जोडले. "आज उपकारस्तुती हाये. तं माही ही उपकारस्तुती."

आईने पदर तोंडाला लावला. मग पदराआडूनच म्हणाली, "ते ठीक हाये. पण लसूण लिहून घ्या सगळे."

आणि सगळ्यांनी लिहून घेतला! पेन एकमेकांकडे देत, पान अकराच्या समासात. त्या दिवशीचा उपदेश बारा मिनिटांत संपला, हेही नोंदवून ठेवते.

उपासना संपल्यावर मी दाराशी उभी राहिले. प्रत्येकाला सांगत होते, "पुस्तक परत द्या, दुरुस्त करून देते." एकानेही दिलं नाही. मार्थाआत्यांनी तर ते पोटाशी धरलं. "माह्या सुनेले देतो हे. प्रार्थनाही शिकंन आन् खारोडीही."

सोमवारी मी इंगळे भाऊंकडे माफी मागायला गेले. माझ्याआधी तेच हात जोडून उभे. प्रणाली रडकुंडीला आलेली. मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, "बाई, तू एक अक्षर चुकली नाहीस. जे होतं ते छापलंस. चूक माझी." त्यावर इंगळे भाऊ संकोचून म्हणाले, "म्याडम, एक प्रत घरी ठेवली तं चालंन ना? माह्या मिसेसनं काल लोणच्याचं पान काढून घेतलं."

बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन महिन्याभराने झालं आणि छान झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी आपलं पुस्तक पहिल्यांदा स्वतः वाचलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आईला समोर बसवून, मोठ्याने. मध्येच थांबून ते विचारायचे, "हा काढा तू मले दिला होता काय?" आई म्हणायची, "नाई तं तुम्ही काय आपोआप बरे झाले होते?" मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. देवाचे उपकार मानायला त्या दिवशी मला कुठलंच पुस्तक लागलं नाही.

मग मी शहाण्यासारखी कामाला लागले. प्रार्थना वेगळ्या केल्या, पाककृती वेगळ्या केल्या, शब्द न् शब्द खरोखर वाचला, दुसरी आवृत्ती तयार झाली. तेवढ्यात मलकापूरच्या मंडळीतून एका पंचांचा फोन आला. त्यांना साठ प्रती हव्या होत्या.

मी उत्साहाने म्हटलं, "नवी शुद्ध आवृत्तीच पाठवते! आता एकही चूक नाही त्यात. मी स्वतः तपासली आहे."

तो भला माणूस फार नम्रपणे म्हणाला, "नाही ताई, तुम्ही तपासायच्या आधीची असंन, तं तीच पाठवा."